मागे बांधलेले हात

माझ्या नातीच्या वागण्याबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती मी तिच्या तोंडावर करते. पाठीमागे कुजबुजायची मला सवय नाही.

सकाळी, गारठ्यात, मी पलंगाच्या कडेला बसून स्वेटर घालायची खटपट करत असते. उजवा हात माझा मेलेला. मेलेला म्हणजे आहे, खांद्याला लोंबतोय, पण माझं ऐकत नाही. डाव्या हाताने त्याला उचलायचं, पोत्यात धान्य सारावं तसं बाहीत सारायचं, बाही खांद्यापर्यंत ओढायची, मग पाठीमागे चाचपडत दुसरी बाही शोधायची. एवढं झालं की बटणं. आणि ही तरणीताठी घोडी माझ्यासमोर उभी. हात मागे बांधून. दारावरचा पहारेकरी उभा असतो तशी. डोळे माझ्या बोटांवर, आणि मदतीचं नाव नाही.

"काय बघतेस? खेळ लावलाय का इथे?" मी म्हणते.

"कुठे अडतंय ते बघतेय."

"तू मध्ये उभी आहेस म्हणून अडतंय. लाव ते बटण."

"तू लाव आजी. आपल्याला वेळ आहे."

आपल्याला वेळ आहे! अख्खा जन्म मी लोकांना ठरल्या दिवशी कपडे शिवून दिले. मला वेळ कधी होता, आणि आता मेल्या हाताने तो आणलाय तर तो हिने वापरायचा?

सूनबाईला ते बघवत नाही. ती स्वयंपाकघरातून हात पुसत येते, म्हणते, "अगं, लाव ना त्यांना. काकडल्यात त्या."

"आई, नको," नात म्हणते. मान वळवत नाही, आवाज चढवत नाही. सूनबाई परत जाते. माझ्या घरात माझ्या सुनेला माझ्यापासून परत पाठवणारी ही कोण लागून गेली?

ही चिंधी. खरं नाव वेगळं आहे, शाळेच्या दाखल्यावर आहे. पण रांगायला लागली तेव्हा आमच्या शिवणाच्या दुकानात कटिंगच्या टेबलाखाली कापडाच्या चिंध्यांचा ढीग असायचा, त्यात ही जाऊन झोपायची. शोधून शोधून आम्ही थकायचो आणि ही त्या ढिगातून जांभई देत बाहेर यायची. तिच्या बापाने नाव ठेवलं, ते चिकटलं.

तो बाप, माझा लेक, त्याच टेबलापाशी गेला. शाळेचे कोट शिवायचे होते, कापडावर खडूने रेघ मारत होता. रेघ अर्धी झाली आणि खाली बसला. बसला तो उठला नाही. लोक आले, भिंतीला टेकून बसले, माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी रडेन म्हणून थांबले होते बिचारे. मला रडू आलं नाही. आवरलं असं नाही, आलंच नाही. सगळे गेल्यावर मी त्या अर्ध्या रेघेपासून पुढची रेघ मारली, कापड कापलं आणि कोट वेळेवर पोचते केले. दगड आहे म्हातारी, असं कोणी म्हणालं. म्हणू देत. दगडाला काय झालंय ते दगडाला तरी कुठे कळत होतं.

त्यानंतरच्या थंडीत मशीनवर बसले होते तर शिवण वाकडी जायला लागली. मी मशीनला शिव्या घातल्या, सुई बदलली, परत शिव्या घातल्या. मशीन ठीक होतं. माझा हात कापडावर होता आणि तो तिथे आहे हे मला फक्त दिसत होतं. अर्धांगाचा झटका, डॉक्टर म्हणाले. पाय पुढे बराचसा परत आला. हात नाही आला.

हातासाठी मला एका केंद्रात न्यायला लागले. तिथे पायवाला वेगळा, हातवाल्या बाई वेगळ्या. चिंधी माझ्याबरोबर यायची, कारण सूनबाई दुकानात अडकलेली. हातवाल्या बाई म्हणजे शांत बाई. माझे डोळे मिटायला लावायच्या आणि उजव्या तळव्यावर काही ना काही ठेवायच्या.

"काय आहे, आजी?"

"काही नाही."

"आणि आता?"

"काही नाही."

डोळे उघडले की तळव्यावर अख्खी किल्ली. मला त्याचं वाईटसुद्धा वाटायचं नाही. एखाद्या परक्या बाईच्या हातावर किल्ली ठेवलीय आणि मी बघतेय, एवढंच.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "आजी, तुम्हाला घरी काय करायचंय?"

"काही नाही."

"आधी काय काय करायचात?"

"सगळं."

त्या हसल्या नाहीत, लिहूनही घेतलं नाही. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग स्वेटरपासून सुरू करू." शेजारणीने सुचवलं होतं, बिनबटणांचा घाला, डोक्यातून घातला की झालं. मी तिला म्हटलं, तसलं पोतं मी आजवर कोणाला शिवून दिलं नाही आणि स्वतः घालणार नाही. बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, बरोबर आहे, बटणांचाच घाला. तेव्हा मला त्या जरा बऱ्या वाटल्या होत्या. पुढे काय वाढून ठेवलंय ते ठाऊक नव्हतं.

एका संध्याकाळी जेवताना चिंधीने सांगितलं, "मी विद्यापीठात अर्ज करणार आहे. ऑक्युपेशनल थेरपीला."

"म्हणजे काय?" मला माहीत होतं. तिच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं.

"आपल्या बाई करतात ते."

"बाई काय करतात? बघत बसतात."

"ते शिकायला चार वर्षं लागतात, आजी."

"बघत बसायला चार वर्षं? मला विचारायचंस. एका दुपारीत शिकवलं असतं."

सूनबाईला हसू फुटलं. तोंडातला घास सावरत हसली. लेक गेल्यापासून त्या घरात कोणी हसलं नव्हतं, तो आवाज ऐकून आम्ही तिघीही थबकलो. मग परत जेवायला लागलो.

"आणि दुकान कोण बघणार?" मी विचारलं.

दुकानात कापायला आता चिंधीच होती. बापाने तिला टेबलावर उभं करून कात्री धरायला शिकवलेली. माझा हात असा, सूनबाईला मशीन येतं पण कापड कापताना तिचा जीव वरखाली होतो.

"तुझ्या बापाने कात्री हातात दिली ती लोकांच्या गुंड्या बघत बसायला?"

"बाबा असते तर..."

"तो नाही. जो नाही त्याला मध्ये आणायचं नाही."

ती ताटं उचलायला लागली. पण अर्ज करणार नाही असं काही म्हणाली नाही. तिचा हट्ट माझ्यावर गेलाय, ते मला चांगलं ओळखू येतं.

विद्यापीठाची अट अशी होती की उमेदवाराने आधी एखाद्या केंद्रात काम करून बघायचं आणि तिथल्या बाईंची शिफारस आणायची. शिफारस नसेल तर मुलाखतीला बोलावणंच नाही. चिंधीला वाटलं, हे तर सोपं आहे. बाई ओळखीच्या, आणि ही कामाला वाघीण. दुपारचं दुकान उरकून केंद्रात जायला लागली.

आणि तिथेच गाडी अडली. आमच्या घराची एक खोड आहे. समोर कोणाचं बटण उघडं दिसलं की आमचा हात आपोआप पुढे जातो. दोरा लोंबताना दिसला की दाताने तोडतो. आमच्याकडे माया म्हणजे दुसऱ्याच्या हातातलं काम काढून घेणं. तू ठेव, मी करते. तू बस, मी आणते. तिचा बाप तसा, मी तशी, सूनबाई येऊन वर्षभरात तशीच झाली. केंद्रात एक म्हातारे पोस्टमन होते, त्यांचाही एक हात गेलेला. बाईंनी चिंधीला त्यांच्यापाशी बसवलं. ते पहिल्या बटणाशी झटत होते. चिंधीने डोळ्याची पापणी लवायच्या आत गळ्यापासून खालपर्यंत सगळी बटणं लावली, कॉलर सरळ केली, बाहीचा सुटलेला दोराही दाताने तोडून टाकला. वर हसून म्हणाली, "झालं, काका!"

बाई जवळ आल्या. म्हणाल्या, "शर्ट छान झाला. काका कुठे गेले?"

हे चिंधीने मला घरी येऊन सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. शिफारशीचं विचारल्यावर बाई म्हणाल्या होत्या, "अजून नाही. तुझे हात फार चांगले आहेत. ते आवरता आले की ये." अर्जाची मुदत तर जवळ येत होती.

"बरं झालं," मी म्हटलं. "दुकानात हात आवरावे लागत नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी माझ्यासमोर येऊन उभी राहायला लागली. हात मागे बांधून. माझ्यावर सराव! दुसरं कोणी मिळालं नाही तिला.

मी काय काय नाही बोलले. कसाईसुद्धा बकरीला एवढा वेळ उभं करत नाही म्हटलं. तुझी आजी आहे मी, तुझ्या परीक्षेचं जनावर नाही म्हटलं. ती ऐकून घ्यायची. मध्येच सांगायची, "आधी खालचं बटण, आजी. ते दिसतं." किंवा, "कापड काजाकडे ने, बटण नको हलवूस." काज म्हणजे काय, ते माझ्या घरात जन्मलेली पोर मला सांगत होती. मी त्या काजांवर जन्म काढला. पण दोन्ही हातांनी. एका हाताचं काज मला नवीन होतं, हे तिच्यासमोर मी कबूल करणार नव्हते.

एक दिवस बाही वर करून ती भांडी घासत होती. डाव्या मनगटावर लालसर खुणा दिसल्या, नखांच्या, एकापुढे एक.

"काय लागलं?"

"कुठे काय?" म्हणून तिने बाही खाली ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उभी असताना मी तिच्या पाठीमागच्या कपाटाच्या आरशात बघितलं. मागे तिच्या एका हाताने दुसरं मनगट धरलं होतं, कुत्र्याचा पट्टा धरावा तसं घट्ट. मी बटणाशी अडले की नखं आत रुतत होती.

माझ्यासारखी दुसरी कोणी असती तर तिला दया आली असती. मी काय केलं, मी मुद्दाम जास्त वेळ लावला. बघू म्हटलं, दम किती आहे. बटण काजाच्या तोंडाशी नेलं आणि सोडून दिलं. परत नेलं, परत सोडलं. ती जागची हलली नाही. तिच्याशी खेळता खेळता एकदा ते सोडायचं राहिलं आणि बटण काजातून पार गेलं. माझं मलाच कळलं नाही. खाली बघितलं तर लागलेलं.

"लागलं," ती म्हणाली.

"चुकून," मी म्हटलं.

बाईंनी शिफारस दिली ती मुदत संपायला आली तेव्हा. त्याच पोस्टमन काकांपाशी तिला परत बसवलं होतं म्हणे. काकांनी सगळा वेळ दोन बटणांत घालवला, बाकीची उघडीच ठेवून चहाला गेले, आणि चिंधी जागेवर. सूनबाईने ती बातमी ऐकून देवाचं नाव घेतलं. मी म्हटलं, म्हणजे लोकांना उघड्या शर्टाने हिंडवल्याबद्दल बक्षीस मिळतं तर.

मुलाखतीच्या आधी बाई मला म्हणाल्या, "आजी, तुम्हीही या त्या दिवशी. विद्यापीठाला खरे पेशंट लागतात, उमेदवारांना काम करून दाखवायला. तुमची नात तुम्हाला मिळणार नाही, नातेवाईक देत नाहीत. दुसरं कोणी मिळेल."

"मग मी कशाला येऊ?"

"बसायला, चहा प्यायला. आणि शेवटी तुमचं मत विचारतात."

मत विचारतात म्हटल्यावर मी गेले.

वाटेत चिंधी म्हणाली, "आजी, तिथे मला चिंधी म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

"काहीच म्हणू नकोस. ओळखच दाखवू नकोस. प्लीज."

तिचे ओठ कोरडे पडले होते. इथे नाही झालं तर पुढच्या वर्षी मी तिला सोडणार नाही, दुकानात कायमची बसवीन, हे तिला माहीत होतं आणि मलाही. खिडकीतून बघत राहिले.

विद्यापीठातली ती खोली म्हणजे एक लांबलचक दालन. त्यात भिंती नसलेली घरं मांडलेली. इथे ओटा आणि शेगडी, तिथे पलंग, पलीकडे पाणी नसलेला न्हाणीचा टब. सगळं घरातलं, आणि राहत कोणी नव्हतं. मला ते बघून परकं वाटलं नाही. आमच्या घरातही गेली काही वर्षं मी तशीच वावरत होते.

सगळ्या उमेदवारांना एकच काम दिलं होतं. समोरच्या माणसाला चहा करायला आणि कोट घालायला मदत करा. बस. परीक्षक हातात कागद घेऊन ओट्याओट्यापाशी उभे.

माझ्या वाट्याला एक मुलगी आली. गोड. आवाज असा, कानात कोमट तेल घातल्यासारखा. म्हणाली, "आजी, तुम्ही बसा हं. मुळीच त्रास घेऊ नका." तिने चहा केला, माझ्या डाव्या हातात कप दिला, त्याआधी फुंकर घालून निववला. कोट आणला, उजवा हात हळूच उचलून बाहीत घातला, दुखत नाही ना विचारलं, डावा घातला, सगळी बटणं लावली, कॉलर सरळ केली. कुठे बोट ठेवायला जागा नाही. याचसाठी तर मी घरात रोज भांडत होते. असं कोणी करत नाही म्हणून तर माझी तक्रार होती.

आमच्या दुकानाच्या काचेत एक पुतळा आहे. माझा हात चालायचा तेव्हा नवीन कोट झाला की मी तो त्याला चढवायचे. त्याचा उजवा हात आधी घालावा लागतो, कारण तो कोपरात वळत नाही. चढवून झालं की मी कॉलर सरळ करायचे आणि दोन पावलं मागे जाऊन बघायचे. ती मुलगी दोन पावलं मागे गेली आणि तिने माझ्याकडे बघितलं. छान हसली.

समोरच्या ओट्यापाशी चिंधी माझ्याकडे पाठ करून उभी होती. तिच्या वाट्याला एक आडदांड माणूस आला होता, पूर्वी बस चालवायचा म्हणे. आवाज अजून बसमधलाच.

"ए पोरी, दिसत नाही का? हात चालत नाही माझा!"

"दिसतंय. डावा चालतोय," चिंधी म्हणाली.

"मग मी काय करू?"

"तुम्ही सांगा. आधी काय लागेल चहाला?"

"आधी तुला दुसरीकडे पाठवायला लागेल!"

बाजूचे दोघेतिघे हसले. परीक्षकांनी काहीतरी लिहिलं. ड्रायव्हरने भांडं ओढलं, पाणी निम्मं ओट्यावर सांडलं. मी वाट बघितली, आता हिचा हात जाणार. आमच्या घरातला हात आहे तो, सांडलेलं बघून थांबणार कसा. गेला नाही. तिने फक्त पुसायचं फडकं त्याच्या डाव्या बाजूला सरकवलं आणि हात परत मागे घेतले. एका हाताने दुसरं मनगट धरलं. मला ते समोरच दिसत होतं. नखं रुतली. ड्रायव्हरने शिवी दिली, भांडं परत भरलं. एका हाताला जमेल असा दांडीचा कप शोधला. तिची नखं जागची हलली नाहीत.

"एखादं बटण राहिलं का, आजी?" माझ्या वाट्याच्या मुलीने विचारलं.

मी खाली बघितलं. माझ्या डाव्या हाताने तिने लावलेलं मधलं बटण काढलं होतं आणि तो ते परत लावत होता. त्याला कोणी सांगितलं कोण जाणे.

"नाही गं," मी म्हटलं. "जरा सैल वाटलं."

काम संपल्यावर आम्हा पेशंटना बाजूच्या खोलीत बसवलं. एकेकाला मत द्यायला आत बोलावणार होते. ड्रायव्हर माझ्या शेजारी धपकन बसला.

"तुमचं नशीब बरं," म्हणाला. "तुम्हाला माणूस मिळालं. मला खांब मिळाला."

"हो का?"

"हो का काय! ठोंब्यासारखी उभी. पाणी सांडलं तरी ढिम्म. हात मागे बांधून, जशी काही मीच परीक्षेला बसलोय."

माझंच वाक्य, परक्या माणसाच्या तोंडून. मी जीभ दातांत धरली. नात आहे माझी, असं म्हटलं असतं तर बिचाऱ्याने शब्द मागे घेतला असता. पण ती म्हणाली होती ओळख दाखवू नकोस, आणि कोणाच्या भिडेने मिळालेलं मला आजवर नको होतं.

"मग चहा मिळालाच नाही तुम्हाला?" मी विचारलं.

"मिळाला की."

"कोणी केला?"

"कोण करणार? मीच केला."

"याआधी कधी केला होता?"

त्याने डोकं खाजवलं. "बायको होती तेव्हा तिने करू दिला नाही. आता सून आणून देते. झटक्यानंतर तर..." तो थांबला. "नव्हता केला."

"कसा झाला होता?"

"पाणचट." मग म्हणाला, "गरम होता पण."

"आणि कोट?"

"बघताय ना अंगावर. एक बटण राहिलंय वरचं. ते मी मुद्दाम सोडलंय, गळ्याशी आवळतं." एवढं बोलून त्याला काहीतरी आठवलं आणि परत आवाज चढवला, "तरी मी सांगणार त्यांना! पोरीला माया नाही!"

"सांगा," मी म्हटलं.

त्याचं नाव पुकारलं. तो आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही, आणि आला तो माझ्याकडे न बघता सरळ निघून गेला. आत काय बोलला ते मला कधी कळलं नाही.

मग मी. टेबलामागे तीन माणसं. मधल्या बाईंनी विचारलं, "आजी, उमेदवार कशी वाटली?"

"गोड आहे. कोट छान घालते. आमच्या दुकानात पुतळा आहे, त्याच्यासाठी उद्यापासून कामाला ठेवीन तिला."

एकजण हसला. मधल्या बाई हसल्या नाहीत. "आणि माणसांसाठी?"

"शिकवावं लागेल."

"काय?"

"हात आवरायला. आमच्याकडे त्याला नखं लागली."

शेवटचं त्यांना कळलं नसावं. पण त्या म्हणाल्या, "आजी, त्यालाच चार वर्षं लागतात."

मी उठले. माझ्या विनोदाला एवढं सरळ उत्तर कोणी दिलं नव्हतं.

बातमी आली तेव्हा आम्ही दुकानात होतो. चिंधीने फोनकडे बघितलं आणि टेबलाखाली बसली, लहानपणी बसायची तशी, चिंध्यांत. सूनबाई धावली, काय झालं, काय झालं. "मिळाली," ती खालून म्हणाली. "जागा मिळाली, आई." मग दोघी रडल्या. मी मशीनजवळच्या स्टुलावर बसून बघत होते. माझ्या आत काही हललं असेल तर मला कळलं नाही. बाई तळव्यावर किल्ली ठेवायच्या तसंच. आहे हे दिसतंय, एवढंच.

"शिवण बंद पडणार म्हणजे," मी म्हटलं.

सूनबाईने डोळे पुसले. ही बाई घरात आल्यापासून मला कधी उलटून बोलली नव्हती. म्हणाली, "नवीन शिवण बंद. दुरुस्त्या घेईन मी. चेन, अस्तर, उंची कमी करणं. त्याला कापावं लागत नाही. तुम्ही काउंटरला बसा आणि गिऱ्हाइकांना बोला, ते तुम्हाला जमतंच."

मी तिच्याकडे बघितलं. तिने नजर खाली घेतली नाही. ठीक आहे म्हटलं. कटिंगचं टेबल भिंतीला लावलं. लेकाच्या खडूची पांढरी धूळ त्याच्या फटीत अजून होती, ती तशीच राहिली.

मधल्या दिवसांत केंद्रातल्या बाईंनी एकदा परत डोळे मिटायला लावले. तळव्यावर काहीतरी ठेवलं. काही नाही, म्हणणार होते. मग म्हटलं, "काहीतरी आहे. काय ते कळत नाही." बटण होतं. बाईंनी कौतुक केलं नाही, पुढची वस्तू ठेवली. ती नाही कळली.

चिंधी वसतिगृहाला निघाली त्या सकाळी मी तिच्या आधी उठले. ती समोर यायच्या आत स्वेटर घालून बसायचं ठरवलं होतं. घातला. उजवा हात आधी, मग डावा, मग खालच्या बटणापासून वर. कोणी बघायला नव्हतं, त्यामुळे शिव्याही कमी लागल्या. दारात गाडी उभी होती. सूनबाई बॅगा ठेवत होती. चिंधी पाया पडायला वाकली नाही, मी ते कधी करू दिलं नाही. ती नुसती समोर उभी राहिली आणि तिची नजर माझ्या गळ्यापासून खाली घसरत गेली आणि मध्येच थांबली. मी बघितलं. मधलं एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं. तिथून वर सगळा स्वेटर तिरका, गळ्याशी एक काज रिकामं.

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि कोणी आवरायच्या आत तिचा हात पुढे आला. आमच्या घरातला हात. बटणाला टेकलाच.

मी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. खुणा बऱ्या झाल्या होत्या, जरासा खरखरीतपणा बोटांना लागला.

"हात मागे घे," मी म्हटलं. "चुकलंय ते मला दिसलंय. माझं मी काढीन आणि माझं मी लावीन, तू गेल्यावर, सावकाश. तू काही गुणाची पोर नाहीस, चिंधी. तिथे कोणी तुझं कौतुक केलं तर खरं मानू नकोस. आजीला गारठ्यात ताटकळत ठेवणारी कठोर काळजाची पोर आहेस तू, घरात असं कोणी झालं नव्हतं. तिथेही सगळ्यांशी अशीच वाग. आता नीघ, गाडीवाला कधीचा थांबलाय, आणि दार उघडं ठेवून मला गार वाऱ्यात बसवू नकोस."